मथुराबाईचं आळणी

मथुराबाईने सुनेच्या तोंडात बोट घालून माशाचा तुकडा बाहेर काढला, तेव्हा मी त्यांच्या दारात उभी होते.

सून म्हणजे लीला. पहिलटकरीण, सातवा महिना, अंगात मुदतीचा ताप. पोटात कित्येक दिवस पाण्याशिवाय काही नव्हतं. सासू बाहेरच्या नळावर हंडा भरायला आली, तेवढ्यात ती अंथरुणावरून उठून चुलीपाशी गेली आणि पातेल्यातला एक तुकडा तिने तोंडात टाकला. मी मथुराबाईच्या मागोमागच नळावरून आले होते. मथुराबाईने हंडा खाली ठेवला, एका हाताने सुनेची हनुवटी धरली, दुसऱ्या हाताचं बोट तिच्या गालात घातलं आणि तुकडा ओढून काढला. लीला चावली. बोटातून रक्त आलं. मथुराबाईने बोट पदराला पुसलं आणि तुकडा मोरीत टाकला.

लीला म्हणाली, "आत्याबाई, नुसता चघळते. गिळत नाही."

मथुराबाईचा मुलगा रघुनाथ, म्हणजे लीलाचा नवरा, तिथेच पाटावर बसून जेवत होता. त्याच्या ताटात त्याच माशाचे तुकडे होते. तो जेवत राहिला.

मथुराबाई वाईट बाई होती असं म्हटलं की लिहिणं सोपं होतं. पण तसं नव्हतं. तिच्यासारखं आळणी, म्हणजे आजाऱ्याला द्यायचं माशाचं बिनमसाल्याचं पाणी, मी आयुष्यात परत चाखलं नाही, आणि माझा नवरा तिच्या हातचं खाऊन उठून बसला, हेही खरं आहे. म्हणून जसं होतं तसं सांगते. मी चौथीपर्यंत शिकले. मला फिरवून सांगता येत नाही.

आम्ही एकलहऱ्याला राहायला गेलो ते दुष्काळानंतर. माझ्या नवऱ्याला वीज केंद्रात नोकरी लागली होती. कॉलनीच्या कडेला खोल्यांची एक लांब ओळ होती. पत्र्याचं छप्पर, ओळीला मिळून दोन नळ. त्या ओळीत आमच्या भिंतीला भिंत लागून मथुराबाई राहायची. जातीने भोई. नवरा दारणेच्या पात्रात जाळं टाकायचा, तो रघुनाथ लहान असतानाच गेला. रघुनाथ केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला होता. दीर अजून मासे धरायचा. तो दिवसाआड येऊन तिच्या दारात मडकं ठेवून जायचा. मडक्यात पाणी आणि पाण्यात जिवंत मरळ.

मरळ हा नदीचा मासा. अंग काळपट, डोकं सापासारखं, पण आतलं मांस पांढरं आणि काटे कमी. आजाऱ्याला, बाळंतिणीला मरळच देतात. मथुराबाई दुसऱ्या माशाला मासाच म्हणत नसे. रोहू-कटला म्हणजे तिच्या मते "लग्नातले पाव्हणे, नुसते आकाराला मोठे."

मरळ हातात ठरत नाही, सुळकन निसटते. ती धरायला हाताला राख लावावी लागते. आमच्याकडे राखेला तोटा नव्हता. केंद्राच्या चिमण्यांची राख वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायची, पिठात पडायची, तान्ह्या पोरांच्या पापण्यांवर पडायची. आम्ही सगळ्या त्या राखेला शिव्या द्यायचो. मथुराबाई मात्र खिडकीच्या कठड्यावरची राख बोटाने गोळा करायची आणि म्हणायची, "बघा, सरकार फुकट देतंय." तीच तळहाताला चोळून मरळ पकडायची, दगडावर डोकं एकदाच आपटायची. दुसऱ्यांदा आपटावं लागलं तर तो मासा ती आजाऱ्यासाठी वापरत नसे. म्हणायची, "घाबरून मेला. घाबरल्याला काय घाबरलेला खाऊ घालू?"

तिचं आळणी असं असायचं. पातेल्यात आधी पाणी आणि भाज्या. कोवळ्या दुधीचे तुकडे, शेवग्याची शेंग, थोडा मुळा पाल्यासकट, कांद्याची पात, आल्याचा तुकडा ठेचून, चार लसणाच्या पाकळ्या. कोथिंबिरीचे देठ दोऱ्याने बांधून जुडी करून सोडायची, म्हणजे नंतर ओढून काढता येतात. तिखट नाही, तेल नाही, गरम मसाल्याचं नावही नाही. हळद चिमटीभर, मीठ शेवटी. भाज्यांचा रंग उतरून पाणी फिकट हिरवं झालं, की चूल मंद करून मासा सोडायचा. त्यानंतर उकळी फुटू द्यायची नाही. पळी घालायची नाही. पातेल्याचे कान फडक्याने धरून नुसतं हलकं फिरवायचं. म्हणायची, "मासा शिजवायचा नसतो. त्याला समजावायचं असतं." उतरवल्यावर वरून कोथिंबिरीची पानं आणि झाकण. झाकण काढलं की पातेल्याचा तळ दिसला पाहिजे. गढूळ आळणी ती आजाऱ्याला द्यायची नाही, ओतून द्यायची. एवढा मासा ओतून देताना ती मागेपुढे बघत नसे. एरवी काड्यापेटीतली काडी उगाच ओढली तरी तिचा जीव जायचा.

चव मात्र घ्यायची नाही. मिठाचा अंदाज वाफेवरून. मी एकदा विचारलं, "मावशी, वाफेवरून मीठ कसं कळतं?"

"तुला नवरा घरात शिरला की कळतं ना, पिऊन आलाय का नाय? वास घ्यावा लागतो का जवळ जाऊन?"

"माझा पीत नाही."

"मग तुला नाय कळायचं."

ओळीतल्या बायका तिला घाबरायच्या आणि आजारपण आलं की तिच्याच दारात जायच्या. ती नाही म्हणत नसे. शिव्या देत यायची, पण यायची. कुणाची पोरगी बाळंत झाली, कुणाला कावीळ, कुणाचा म्हातारा खोकून अर्धा झाला, मथुराबाई ओल्या फडक्यात गुंडाळलेलं पातेलं घेऊन हजर. एकदा एका ठेकेदाराच्या बायकोने बाजारातून बर्फातला मासा आणवून तिच्याकडे पाठवला, सासऱ्यासाठी आळणी करून द्या म्हणून. मथुराबाईने त्या माशाच्या गालफडात बोट घातलं, आत पाहिलं आणि आणणाऱ्याला म्हणाली, "बाईस्नी सांग, ह्याला आधी दवाखान्यात न्या. सासरा नंतर बघू." ती बाई स्वतः भांडायला आली. तेव्हा मथुराबाई म्हणाली, "मसाला म्हंजी पांघरूण असतंय बाई. ज्याला वास मारतो त्याला लागतं. तुम्ही मसाल्यात करा, कळनार नाय कुनाला." बाई आली तशी परत गेली. दुसऱ्या दिवशी मथुराबाईने आपल्या मडक्यातली मरळ वापरून त्या सासऱ्याला आळणी नेऊन दिलं.

आम्ही बौद्ध. ओळीत आमची तीन घरं होती. मथुराबाई आमच्या घरी आजाऱ्याला पातेलं घेऊन यायची, पण आमच्या घरचा चहा तिने कधी घेतला नाही. "आत्ताच घेतला" म्हणायची. पातेलं आम्ही घासून दिलं तरी ती नळावर नेऊन पुन्हा राखेने घासायची, आमच्या देखत. मी एकदा म्हटलं, "मावशी, इतकं घासू नका, पातेलं झिजेल." ती म्हणाली, "झिजू दे, माझं हाय." तिला लाज वाटली नाही. मीही तिला सोडलं नाही. पुढच्या खेपेला मी पातेलं न घासताच दिलं. तिने तेही नेऊन घासलं.

आता माझ्या नवऱ्याच्या तापाचं सांगते, कारण पुढचं त्यावाचून कळणार नाही.

एका पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं आणि ओळीत मुदतीचा ताप शिरला. माझा नवरा पडला. दवाखान्याच्या डॉक्टरने कॅप्सुला दिल्या. ताप उतरायचा, चढायचा. माणूस काठीसारखा झाला. मथुराबाई रोज आली. पहिले काही दिवस नुसतं पाणी पाजलं. मग मऊ भात शिजवायला सांगितला, त्यावर आळणी ओतलं आणि मरळीचा तुकडा हाताने कुस्करून, काटा बघून त्यात कालवला. मी म्हटलं, "तापात तुकडा चालतो?" ती म्हणाली, "बाप्याला ताकद लागते. पाण्यावर बाप्या उभा राहत नाय." माझा नवरा त्यावर उठला. महिनाभराने कामावर गेला. मी तिच्या पाया पडले. ते ऋण मी मानते, आजही मानते.

पण त्याच पावसाळ्यात ओळीतल्या दोन बायाही पडल्या होत्या. त्यांनाही मथुराबाईनेच आळणी नेलं. त्यांना पाणी. तुकडे त्यांच्या घरच्यांना. "सत्त सगळं पान्यात उतारतं," ती म्हणायची, "तुकडा म्हंजी चोथा. चोथा घरच्यांनी खावा." त्या बायाही हसायच्या. एक म्हणाली, "मावशी, माझ्या वाटणीचा चोथा माझ्या सासूला पचतो बरं का." सगळ्या हसल्या. मीही हसले. ओळीतल्या सगळ्या घरांत असंच चालायचं आणि ते कुणाला वेगळं वाटायचं नाही. बाप्या आजारी पडला की सत्त्व तुकड्यात असायचं. बाई आजारी पडली की ते पाण्यात उतरायचं. त्या दोघी कशाबशा उठल्या. एकीचे केस गेले ते परत आले नाहीत.

लीला आली ती त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. बागलाणातली, सटाण्याच्या बाजूची. बोलता बोलता 'आहे'ला 'शे' म्हणून जायची आणि जीभ चावायची. मथुराबाई तिला चिडवायची, "शे म्हंजी किती गं? शंभर?" लीला हसायची. सासू-सुनेचं वाईट नव्हतं. सासूच तिच्या केसांना तेल लावायची. दिवस राहिले तेव्हा मथुराबाईने सगळ्या ओळीला सांगितलं. म्हणाली, "माझ्या घरात आता तोंड वाढनार, मडकं पन मोठं आनाय पायजे." लीलाला तिने मासा भरपूर खाऊ घातला. तेव्हा ती आजारी नव्हती.

सातव्या महिन्यात तिला माहेरी न्यायचं ठरलं होतं. त्याआधीच ताप आला. मथुराबाईने माहेरी कळवलं नाही. आजारी सून माहेरी धाडली तर सासरने छळली म्हणतील, बरी होऊ दे, मग धाडू, असं तिचं म्हणणं. आणि मग सुरू झालं पाणी. सकाळी पाणी, दुपारी पाणी. अतिशय निगुतीने केलेलं. दुधी कोवळा, कोथिंबिरीची जुडी बांधलेली, तळ दिसतोय. ती रोज जिवंत मरळ मारायची, रोज भाज्या निवडायची, सुनेचं डोकं मांडीवर घेऊन वाटीने पाजायची. तुकडे रघुनाथच्या ताटात.

डॉक्टर घरी येऊन गेला. तरुण होता. लीलाचे डोळे खाली ओढून पाहिले, पोट पाहिलं आणि विचारलं, "हिला खायला काय देताय?"

मथुराबाई म्हणाली, "माशाचं सत्त देते."

त्याने पातेल्यात पाहिलं. "हे छान आहे. पण हे नुसतं पाणी आहे, आजी. यातला मासा द्या. कुस्करून, मऊ भातात. अंडं द्या. पोटात दुसरा जीव आहे. गोळ्या उपाशी पोटावर किती दिवस चालतील?"

"देते," मथुराबाई म्हणाली.

तो वळला तशी ती मला म्हणाली, "त्याला काय ठावं? त्याच्या आईनं बी पान्यावरच ताप काढला आसंल."

मी तेव्हाच बोलले. म्हटलं, "मावशी, डॉक्टर सांगतोय ते करा."

"तुझ्या घरात तू बघ," ती म्हणाली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी ते तोंडात बोट घालण्याचं झालं. त्या दिवशी मी तिला हाताला धरून नळावर नेलं. तिने चावलेलं बोट पाण्याखाली धरलं. मी म्हटलं, "मावशी, ती उपाशी आहे. भुकेने चावली ती."

तेव्हा मथुराबाईने तिच्या मुलीचं सांगितलं. यशोदा. मालेगावला दिली होती, जावई यंत्रमागावर कामाला. तिला असाच ताप आला. ताप उतरायला लागल्यावर भूक सुटली म्हणून सासरच्यांनी तिला भाकरी आणि सुक्या माशाचं कालवण वाढलं. पोटभर जेवली. संध्याकाळी पोट फुगलं, सकाळी गेली. मथुराबाई पोचली तेव्हा तिला बाहेर आणून ठेवलं होतं. "तापात आतडं कागदावानी होतं," मथुराबाई म्हणाली. "तुकडा गेला की फाटतं. माझ्या हातानं नाय फाडनार मी." तिचा आवाज चढला नाही. नळाचं पाणी वाहत होतं. एरवी थेंब सांडला तर ओळ डोक्यावर घेणारी बाई, त्या दिवशी तिने नळ बंद केला नाही.

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून डोकं बंद होत नाही. मी विचारलं, "मग माझ्या नवऱ्याला हाच ताप होता. त्याला तुम्ही तुकडा कसा दिला?"

ती म्हणाली, "तो बाप्या. बाप्याचं आतडं जाड असतं."

हे ती मनापासून म्हणाली. तिला त्यात काही खोटं दिसत नव्हतं. मला आजपर्यंत हाच प्रश्न आहे, की मुलीच्या भीतीने ती सुनेला उपाशी ठेवत होती, की मुलाचं ताट भरायची सवय त्या भीतीच्या आड बसली होती. दोन्ही असणार. माणसात दोन्ही एकाच वेळी मावतं.

त्याच दिवशी मी नवऱ्याला सांगितलं. त्याच्या पाळीत सटाण्याकडचा एक माणूस होता, तो सुट्टीला गावी निघाला होता. त्याच्याकडून लीलाच्या आईला तोंडी निरोप दिला, पोर आजारी आहे, निघा. मी निरोप दिला हे मथुराबाईला कळणार हे मला माहीत होतं. कळू दे म्हटलं.

लीलाची आई दोन दिवसांनी आली. ठेंगणी, काळी, हातात पिशवी. दारात चप्पल काढली, आत गेली, पोरीचा हात उचलून पाहिला. हात उचलला तसा सोडला, तो पडला. मग तिने चुलीकडे पाहिलं, रघुनाथच्या ताटाकडे पाहिलं. ओरडली नाही. म्हणाली, "मनी पोरले ताप नही खाई ऱ्हायना. तुम्ही खाई ऱ्हायनात." माझ्या पोरीला ताप खात नाही, तुम्ही खाताय. आमची भाषा वेगळी, पण ओळीत ते सगळ्यांना समजलं.

मथुराबाई म्हणाली, "ईहीनबाई, बसा. पानी घ्या. सगळं सत्त तिलाच देते मी. इचारा ओळीला."

"पोर भुकी शे," आई म्हणाली. "सत्त तुम्हीच ठेवा."

तिने पातेल्यातला तुकडा घेतला, बोटाने काटा काढला, कुस्करला आणि पोरीच्या ओठाला लावला. मथुराबाई मध्ये पडायला गेली. मी तिचा दंड धरला. म्हातारीच्या अंगात जोर होता. ती मला म्हणाली, "सोड. मरंल ती. तुझ्या पदरी पाप पडंल." मी सोडलं नाही. लीलाने तो तुकडा खाल्ला. दुसरा मागितला नाही. तेवढ्याने दमली होती.

पण फार उशीर झाला होता. संध्याकाळी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. केंद्राची गाडी मिळाली. आई, रघुनाथ आणि मी तिला नाशिकच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. मथुराबाई गाडीत बसली नाही. दारात उभी राहून म्हणाली, "सांगितलं व्हतं. तुकडा गेला." गाडी निघेपर्यंत ती एवढंच म्हणत होती.

लीलाच्या पोटातलं त्याच दिवशी गेलं. लीला बरेच दिवस दवाखान्यात होती. सलाईन, इंजेक्शनं, आणि आईच्या हातचा गुरगुट्या भात, अंडं, मटणाचं पाणी तुकड्यासकट. तिचं आतडं फाटलं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईला मी विचारलं, उपासाने झालं का? ती म्हणाली, या तापानेही पोट पडतं, नक्की सांगता येत नाही. पण बाईच्या अंगात रक्तच नाही, असंही म्हणाली. मी दोन्ही सांगते आहे. मला कुणावर खोटं लादायचं नाही.

लीला आईबरोबर माहेरी गेली आणि आठ-दहा महिन्यांनी परत आली. अंगाने भरली होती. ओळीने तिला पाहिलं आणि काय बोलावं? म्हणाले, मथुराबाईने वाचवली. एवढा ताप, पोटात मूल, तरी सून उठली, सगळं त्या आळण्याचं सत्त्व. मूल गेलं ते नशीब. नळावर बायका हे बोलत होत्या आणि मथुराबाई ऐकत होती. तिने नाही म्हटलं नाही. मी म्हटलं, "तिला तिच्या आईने खाऊ घालून उठवली." एक बाई म्हणाली, "अहो सुमनबाई, आईने चार दिवस घातलं. आधी एवढे दिवस कोणी जगवलं?" उपाशी माणूस मेला नाही, तर ज्याने उपाशी ठेवलं त्याने जगवलं, असा तो हिशेब. मथुराबाईचं नाव आणखी झालं. कॉलनीतल्या साहेबांच्या घरून बोलावणी यायला लागली. बायांना पाणी जात राहिलं.

माझी मोठी मुलगी बाळंतपणाला आली तेव्हा मथुराबाई न बोलावता आली, पातेलं घेऊन. तिने तसं करणं हा तिचा मोठेपणाच होता, आमच्यात बोलणं कमी झालं होतं तरी. माझा जावई तेव्हा ओझरला कारखान्यात होता, तोही मुलाला बघायला आला होता. मथुराबाईने वाटीत पाणी ओतलं, पोरीपुढे ठेवलं, आणि तुकडे ताटात काढून मला म्हणाली, "हे जावयाला वाढ."

मी म्हटलं, "मावशी, सत्त्व पाण्यात ना?"

"मग सांगते काय इतकी वर्षं."

"मग पाणी जावयाला देते. पाहुणा आहे, सत्त्व त्याला गेलं पाहिजे. चोथा माझी पोर खाईल."

मी वाटी उचलून जावयापुढे ठेवली आणि ताट मुलीपुढे. जावई गोंधळला. मुलगी खायला लागली. मथुराबाई माझ्याकडे बघत उभी राहिली. मग तिने रिकामं पातेलं उचललं. या वेळी आमच्या घरचं म्हणून नळावर घासायला थांबली नाही, सरळ घरी गेली. त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. लीलाला मात्र माझ्याशी बोलू नको असं तिने कधी सांगितलं नाही. का, ते मला माहीत नाही.

माझा नवरा निवृत्त झाला आणि आम्ही नाशिकरोडला घर घेतलं. सामान भरायला टेम्पो आला त्या दिवशी मथुराबाई तिच्या दारात पाय पसरून बसली होती. आता दिसत कमी होतं. दीर गेला होता, मरळ बाजारातून यायची, कधी जिवंत, कधी नाही. ती खवले काढत होती. मी जवळ गेले. म्हटलं, "निघाले, मावशी."

मान खाली ठेवूनच म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला मी उठवला."

"हो. उठवलात."

"आन माझ्या सुनेला."

"सुनेला तिच्या आईने."

तिचा सुरीचा हात थांबला नाही. म्हणाली, "कुनी का उठवंना. उठली ना." मग मान वर करून, मी जिथे नव्हते तिकडे बघून म्हणाली, "पोरगा झाला असता तर आज शाळंत असता." आणि पुन्हा खवले काढायला लागली. मी तिला शेवटचं पाहिलं ते तेव्हा. राखेने पांढरे झालेले हात, पुढ्यात काळा मासा, खवले पदरावर. पुढे दोन वर्षांनी ती गेल्याचं कळलं. मी गेले नाही.

टेम्पो निघताना लीला माझी राहिलेली चाळण घेऊन धावत आली. चाळण हातात दिली आणि हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाई पोरगा म्हणतात ना? मुलगी होती. मला आईने सांगितलं. या घरात कोणी विचारलंच नाही."

त्या तापातून लीला जगली. तिची मुलगी जगली नाही.